नानाखेड्याहून आलेला फोन

इंदूर सोडून सांवेर मागे पडलं, तसा टॅक्सीवाल्याचा फोन वाजला. "जय महाकाल," तो म्हणाला. पुढची दहा मिनिटं गहू, मेहुण्याची मोटरसायकल आणि कुणाच्या तरी साखरपुड्यावर बोलणं झालं. फोन ठेवल्यावर त्यानं आरशातून मला विचारलं, "भैया, घर पे बता दिया?" मी सांगितलं, की मेसेज केलाय. "मेसेज नहीं, फोन लगाओ. माँ-बाप हैं."

मी लावला. फेब्रुवारी महिना होता आणि मी आईसाठी चाललो होतो.

आमचं घर नानाखेड्यात, बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. इंदूरकडून येताना उज्जैन तिथूनच सुरू होतं असं आम्ही मानतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये महाकाल लोक झालं आणि तेव्हापासून या बाजूला हॉटेलांच्या पाट्या मोजाव्यात इतक्या वाढल्या. उज्जैनमधली मराठी घरं मात्र जुनी, शिंदेशाहीच्या काळापासूनची. दौलतरावांनी 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी बरीच घरं इथेच राहिली. आमची मराठीही त्यामुळे थोडी वेगळी. पुण्याची मावशी फोन उचलते, आम्ही तो उठवतो.

मी लहान असताना फोन म्हणजे स्टँडजवळचा एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून त्या वेळी रांग. बाबा मनगटावरचं घड्याळ आणि बूथचं मीटर दोन्हीकडे बघत पुण्याला बोलायचे: सगळे ठीक, पैसे मिळाले, ठेवतो. पुढे मोबाइल आले तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2003 मध्ये ते बंद झालं, पण तोवर मिस्ड कॉलची भाषा घरात पक्की झाली होती. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. लागोपाठ तीनदा वाजला, तर मात्र हातातलं काम टाकून फोन करायचा.

स्टुटगार्टला नोकरी लागली आणि मी दुसरंच शिकलो. तिथे पुष्कळ लोक फोन उचलून आधी आपलं आडनाव सांगतात. मलाही ती सवय लागली. एकदा बाबांचा फोन मी तसाच उचलला. पलीकडून आपलंच आडनाव ऐकून ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "हो, मी पण तोच." आमच्याकडे न विचारता फोन करतात आणि ठेवताना मात्र "ठेवू का?" म्हणून परवानगी मागतात. जर्मनीत नेमकं उलट. फोन करण्याआधी वेळ ठरते आणि ठेवताना कुणी रेंगाळत नाही.

ईमेलचंही तसंच. फोक्सवागननं 2011 मध्ये ठरवलं, की काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर कामाची वेळ संपली की अर्ध्या तासानंतर मेल जाणारच नाही. डाइमलरनं 2014 मध्ये सुट्टीवर असताना आलेली मेल आपोआप पुसून टाकायची सोय दिली. सुट्टीवरून परतल्यावर इनबॉक्स रिकामा! मला हे फार आवडलं. (अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू?) बाबांची मेल मात्र अशी, की सगळा मजकूर विषयाच्या रकान्यात. "चि. यास अनेक आशीर्वाद" इथून सुरू होऊन "कळावे" पर्यंत सगळं तिथेच. खालची पाटी कोरी.

नव्या उत्साहात मी एकदा बाबांना सांगितलं, "अचानक फोन करत जाऊ नका, मी मीटिंगमध्ये असतो. आधी मेसेज टाका." रात्री फोन मुका ठेवायचीही सवय होतीच. बाबांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या.

त्या दिवशी मेसेज आला तेव्हा उज्जैनला सकाळचे सव्वासहा वाजले होते, आमच्याकडे रात्रीचे पावणेदोन. "वेळ मिळेल तेव्हा फोन कर. घाई नाही." सात वाजता उठून मी तो वाचला. घाई नाही असं लिहिलेलं होतं. मग मीटिंगा, जेवण, परत मीटिंगा. संध्याकाळी सहाला फोन केला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. आई पहाटे अंगणात पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, उद्या ऑपरेशन. शेजारच्या काकांनी गाडी काढली. तेही न विचारता आले होते म्हणे, चहा प्यायला.

"बाबा, सरळ फोन का नाही केलात?"

"तूच म्हणाला होतास नं, आधी विचारत जा म्हणून."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

घरी पोहोचलो तेव्हा आई वॉकर धरून बसली होती. पहिला प्रश्न, "जेवलास का?" तीन आठवडे राहिलो. त्या काळात आमच्या दारावर कुणी वेळ ठरवून आलं नाही. माझी एक मीटिंग चालू असताना समोरच्या काकू लॅपटॉपमागून आईसाठी खिचडी घेऊन गेल्या आणि मॅनेजरला हात हलवून गेल्या. तो हसला. मी आधी कानकोंडा झालो, मग मीही हसलो.

निघायच्या आदल्या रात्री माझ्या फोनमध्ये बाबांचा आणि आईचा नंबर अपवादात टाकला, मुका असला तरी वाजेल असा. बाबांसमोर बसून दोनदा वाजवून दाखवला. "म्हणजे रात्री पण?" "रात्री पण." त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी नाही.

सकाळी नानाखेडा स्टँडवरून इंदूरची बस घेतली. बाबा आईपाशी थांबले होते. बस हलते न हलते तोच फोन.

"बसलास का?"

"बसलो."

थोड्या वेळानं पुन्हा. "सांवेर आलं का?"

"यायचंय अजून."

"बरं. आई विचारत होती. ठेवू का?"

"थांबा जरा," मी म्हणालो. शेजारचा माणूस सरकून बसला.