भांडण की खेळ?

डॉग पार्क नावाचा प्रकार आपण फक्त इंग्लिश पिक्चरमध्ये पाहतो. कुंपण घातलेली हिरवळ, मोकळे सोडलेले कुत्रे आणि कॉफी पीत गप्पा मारणारे मालक! आपल्याकडे काय? उल्हासनगर जेमतेम 13 चौरस किलोमीटरचं, आणि 2011 च्या जनगणनेत तिथे माणसंच 5 लाखांवर. अंबरनाथ-बदलापुरात तर बिल्डिंगा अजून उगवताहेत. तेव्हा आपला डॉग पार्क म्हणजे गोल मैदानाची कड, अंबरनाथच्या शिवमंदिराकडची वाट, नाहीतर बदलापुरातला एखादा रिकामा प्लॉट. मेंबर दोन प्रकारचे. पट्टेवाले आणि बिनपट्टेवाले.

आमच्या बदलापूरच्या प्लॉटवरचा पट्टेवाला म्हणजे ब्रुनो, तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रॅडोर. बिनपट्टेवाला शेरू, गल्लीतला. दोघांची सकाळची कुस्ती म्हणजे काय सांगू! गुरगुरणं, मानेला धरणं, धुळीत लोळणं. बघणाऱ्याला वाटावं, आता एक तरी मरणार. मग कोणीतरी दगड उचलतो. तो बसतो मात्र नेहमी शेरूलाच. ब्रुनोला लागला तर मालक भांडेल ना!

पण जरा थांबून बघा. पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून कुत्रा वाकतो, त्याला म्हणतात 'प्ले बो'. म्हणजे "हे सगळं गमतीत हं!" कोलोरॅडो विद्यापीठातल्या मार्क बेकॉफ यांनी 1995 साली दाखवलं की, गैरसमज होईल असा जोरदार चावा घेण्याच्या आधी किंवा लगेच नंतर कुत्रे हमखास असे वाकतात. आपण मित्राच्या पाठीत धपाटा घालून हसतो, तसंच. शिवाय खेळात पाळी बदलते. ब्रुनो वजनाने दुप्पट, तरी मुद्दाम खाली पडतो. अंग सैल, तोंड उघडं. भांडणात याच्या उलट. अंग ताठ, नजर रोखलेली, तोंड घट्ट मिटलेलं, आणि एकाची शेपटी पायात. तेव्हा मात्र खेळ थांबवायचा.

शंका आली तर एक सोपी टेस्ट आहे. जो जास्त दांडगाई करतोय त्याला मालकाने हाक मारून दोन मिनिटं बाजूला घ्यायचं. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ चालू. पळून गेला तर त्याला नको होतं, विषय संपला. एकाला साखळी आणि दुसरा मोकळा, असंही नको. साखळी ताणली की बांधलेल्याला वाटतं आपण अडकलो, आणि खेळाचं भांडण होतं. बिस्किटाचा पुडा खिशातच ठेवा.

खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका, पट्टाही धरू नका. पाण्याची बादली ओता, पत्रा वाजवा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जा. हळद-चुना अजिबात नको. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही. म्हणून घाबरणाऱ्यांना मी हसत नाही. त्यांची भीती खरी आहे.

पण आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघालं, "शेरूला टेम्पोत घालून लांब सोडून या." 2023 च्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेला कुत्रा त्याच्याच भागात परत सोडायचा असतो. शेरूचा कान कापलेला आहे, ती नसबंदीचीच खूण. सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 ला हेच सांगितलं, फक्त रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे वगळून. आता गंमत बघा, सगळं त्या 'आक्रमक' शब्दावर आलं! खेळणाऱ्या शेरूवर हा शिक्का बसला तर त्याची गल्ली गेली. ब्रुनो तेच करतो तेव्हा त्याला सगळे 'मस्तीखोर' म्हणतात.

मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं, "काका, एक दिवस सकाळी सहाला खाली या, दगड न घेता." दोघं काका खरंच आले. ठराव सध्या पुढच्या मीटिंगवर ढकललाय. शेरूचं काय होईल, देव जाणे! पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुस्ती दिसली तर दगडाकडे हात जाण्याआधी दहा आकडे मोजा. तेवढ्यात कोणीतरी नक्की वाकलेलं दिसेल.