थंडीतले इंजिन: अलास्का ते बीड

१/ १९२०-३० च्या दशकांत अलास्का व उत्तर कॅनडातील वैमानिक मुक्कामी उतरताच इंजिनातील ऊन तेल डब्यात काढून घेत. पहाटे इंजिनावर कनातीचे आच्छादन टाकून खाली स्टोव्ह पेटवीत आणि तापवलेले तेल पुन्हा ओतीत. थिजलेल्या तेलात यंत्र फिरत नसे.

२/ हे वाचताना मला बीडकडील आमच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवते. त्यात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पौषातल्या पहाटे गार लोखंड ती उष्णता शोषून घेई. आजोबा मग इंजिनाच्या पाण्याच्या जागी कढत पाणी ओतीत, दाब सोडणारी कळ उचलून हँडल फिरवीत आणि वेग येताच कळ पाडीत.

३/ वैमानिकांचा जीव पणाला लागे. आमच्याकडे ओंबीत आलेल्या गव्हाची पाळी.