रुळांकाठची लाकडी केबिन

लंडनला लेकीकडे किंवा बहिणीकडे गेलात की राजवाडा, संग्रहालयं हे सगळं होईलच. पण एक दुपार सेंट अल्बन्ससाठी राखून ठेवा. सेंट पँक्रासहून जलद गाडीने वीसेक मिनिटांचा रस्ता. स्टेशनाजवळच, रुळांच्या कडेला, एक जुनी लाकडी केबिन उभी आहे. सेंट अल्बन्स साऊथ सिग्नल बॉक्स!

मिडलंड रेल्वेने ती १८९२ साली बांधली. खरं तर जुळवली म्हणायला हवं. ही कंपनी अशा केबिनींच्या लाकडी भिंती ठराविक मापात आधीच तयार करी व जागेवर नेऊन उभ्या करी. छपराला चारही बाजूंनी उतार, आणि वरच्या मजल्याला काचाच काचा. कारण सिग्नलमनला गाड्या दिसायला हव्यात ना!

आत ४४ लिव्हरची रांग आहे. लाल दांडे गाडी थांबवणाऱ्या सिग्नलचे, पिवळे आगाऊ इशाऱ्याचे, काळे सांधे बदलण्याचे. खरी करामत मात्र वेगळीच. एक दांडा ओढला की त्याच्याशी न जुळणारे दांडे आपोआप अडकून बसतात. माणूस दमतो, विसरतो, हे धरूनच ही योजना केलेली. १८८९ साली आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीला अपघात होऊन ८० जण दगावले, त्यांत कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अशी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली.

आणि हो, सिग्नलमनच्या हातात नेहमी एक फडकं असे. घामाने पोलादी मुठीला गंज चढू नये म्हणून फडक्यानेच दांडा धरायचा. आपल्या पितळी भांड्यांना जपतो तसंच की!

१९७९ साली ही केबिन बंद झाली. वारसा म्हणून तिची सरकारदरबारी नोंद आहे, म्हणजे मनात आलं म्हणून कुणाला ती पाडता येणार नाही. पण कायदा काही कुजलेली फळी बदलत नाही, की रंगाचा हात देत नाही. ते काम २००३ ते २००८ या काळात हौशी स्वयंसेवकांनी केलं. त्यांच्यामुळेच आज आत शिरून दांड्याला हात लावता येतो.

केबिन ठराविक रविवारीच उघडी असते. तेव्हा दिवस आधी विचारून घ्या. मुलांना बरोबर न्या, आणि घरचं एखादं जुनं कपाट मोडीत काढण्यापूर्वी हिची आठवण ठेवा!