माळवद, कूलर आणि मीटर

परभणीत मे महिन्यात पारा 44 च्या वर सरकला की गारव्याचा हिशेब दोन ठिकाणी द्यावा लागतो. एक विजेच्या मीटरवर, दुसरा पाण्याच्या टाकीत. दीड टनाचा एसी तासाला दीडेक युनिट सहज खातो. पत्र्याचा साधा कूलर दीडशे-दोनशे वॅटवर अख्खी खोली निववतो. ही किमया कोरड्या हवेची. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढली जाते. मुंबईकराच्या नशिबी हे सुख नाही; तिथली हवा आधीच ओली.

पण आमच्याकडे पाणी तरी कुठे उतू चाललंय? शहराला ते जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणातून येतं, आणि नळ काही रोज सुटत नाहीत. त्याच धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. म्हणजे पूर्णा नदीचं पाणी वीज करायलाही हवं आणि वाचवायलाही! भर दुपारी कूलरमध्ये घागर रिती करताना बाईमाणसाचा हात थबकतो, तो उगाच नाही. त्यात दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणारेही असतात. समोरची खिडकी वीतभर उघडी नसली तर ओली हवा खोलीतच कोंडते, अंग चिकचिकतं आणि बोल लागतो कूलरच्या गवताला.

तिसरा गारवा ना मीटरवर होता, ना टाकीत. तो माळवदाचा. हातभराहून रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर, पावसाळ्याच्या तोंडी वरून पांढरी माती. दुपारचं ऊन त्या मातीतून झिरपत खाली पोचेपर्यंत दिवस मावळायचा; तोवर माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर निजायला गेलेली असायची.

उगाच हळहळ नको. माळवद गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची, विंचू निघायचे ते वेगळंच. लोकांनी स्लॅब टाकला तो शहाणपणानंच. फक्त या स्लॅबचा स्वभाव कुणी सांगितला नाही. दिवसभराचं ऊन तो साठवतो आणि रात्री सावकाराच्या चिवटपणानं वसूल करतो. पंखा तीच धग खाली ढकलत राहतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत आपण छाती फुगवतो. जर्मनीतली घरं ऊब कोंडायला बांधलेली असतात. तेवढी बरोबरी आपण खरोखर साधली, तीही ऐन मे महिन्यात!

मार्च सरताना गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात, मावळतीच्या भिंतीपुढे पऱ्हाट्यांचा कूड नाहीतर हिरवी जाळी, सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या. यात कुणाचं बिल वाढत नाही. जुना पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी पंखा 30-35 वॅटांत जवळपास तेवढाच वारा देतो. महावितरणच्या बिलात 100 युनिटांची रेघ ओलांडली की पुढचा दर एकदम चढतो, तेव्हा हा फरक खिशाला कळतो. पाऊस सुरू झाल्यावर कूलर हात टेकतो हे खरं. तेव्हा घरात एसी असेल तर तो 24 वर ठेवून सोबत पंखा चालवावा. 16 वर लावून वर गोधडी पांघरणारी घरं मी पाहिली आहेत. उन्हाळाभर परभणीला शिव्या घालण्यात पुढे तीच असतात.