मनाच्या आजाराची विचारपूस

कुणाची बायपास झाली की आपल्याकडे घरात शहाळ्यांचा ढीग पडतो. कावीळ झाली तर दहा जण दहा औषधं सुचवतात. पण घरात कुणाला मनाचा आजार झाला, तर त्या घरी जाणं-येणंच थांबतं. काय बोलावं ते लोकांना कळत नाही, हे मी समजू शकते. पण त्या घरावर त्याचा काय परिणाम होतो, ते सांगायलाच हवं.

माझे धाकटे दीर १९७८ साली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातली मुलं आपल्याविरुद्ध कट करतात, रेडिओवर आपल्याबद्दलच बोलतात, असं त्यांना वाटू लागलं. रात्ररात्र झोप नाही. आधी दृष्ट काढून झाली, मग अंगारे-धुपारे. कुणी म्हणालं, लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. सासूबाई ठाम होत्या, "दुसऱ्याच्या लेकीला कशाला फसवायचं?" शेवटी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं.

सासूबाईंना त्या नावापेक्षा जास्त लागला तो एका नातेवाईक बाईंचा प्रश्न, "लहानपणी फार लाड केलेत का हो?"

मंडळी, हा आजार लाडाने होत नाही आणि माराने बराही होत नाही. आनुवंशिकता, मेंदूचं कार्य, ताण अशी अनेक कारणं त्यात एकत्र येतात. बहुधा ऐन तारुण्यात तो सुरू होतो. औषधांनी पुष्कळांना आराम पडतो, पण "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या की तो पुन्हा उलटण्याची भीती असते.

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला, तेव्हा आमच्या घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं. त्या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांनी एकत्र बसून बोलावं, ही सोय त्यामुळे झाली. अशा घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, आमच्यानंतर कोण?

तो प्रश्न आता माझाही आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली. मी पंचाहत्तरीची, भावोजी अडुसष्टचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, त्या माणसाची संमती मात्र लागते. भावोजींनी माझं नाव लिहिलंय. ते बदलता येतं आणि आज ना उद्या बदलावं लागणारच. नवं नाव कुणाचं, ते तेच ठरवतील. पण ज्यांच्याशी कधी चार शब्द बोलणं झालं नाही, त्यांचं नाव ते कसे लिहिणार?

म्हणून मुलांनो, गणपतीला येता तेव्हा आरती झाली की लगेच निघू नका. काकांच्या खोलीत जाऊन बसा. त्यांना जुन्या कसोटी सामन्यांबद्दल विचारा, खुलतात. मधेच काही विचित्र बोलले तर हसू नका, वादही घालू नका. "मन घट्ट करा" असा उपदेश नको. आणि जमलं तर एखाद्या रविवारी दोन तास त्यांच्याजवळ थांबा, म्हणजे मी बँकेत नाही तरी देवळात निवांत जाऊन येईन!

तुमच्या शेजारीपाजारी असं घर असेल, तर तिथेही एवढंच करा. कुठे विचारायचं हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून तो सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

असो. येताना फोन केला नाहीत तरी चालेल. आम्ही दोघं घरीच असतो.