कुलपातील घरे

जागा महाग झाली, भाडी वाढली, मध्यम स्थितीच्या गृहस्थाने राहावे तरी कोठे, ही तक्रार मुंबई-पुण्याच्या मंडळींकडून आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत; आणि ती खोटी आहे असे कोण म्हणेल? परंतु तळेऱ्यासारख्या लहानशा बाजारपेठेच्या गावीही भाड्याने दोन खोल्या मिळणे दुरापास्त झाले आहे, असे सांगितले तर शहरातील वाचकांस ते चटकन पटावयाचे नाही. ज्या जिल्ह्यातून माणसे निघून चालली, तेथे जागेची टंचाई कशी? माणसे चालली हे तर खानेसुमारीनेच सांगितले आहे. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. महाराष्ट्राची वस्ती एकंदरीत वाढत असता आमचा जिल्हा आणि शेजारचा रत्नागिरी हे दोन्ही घटले. तेव्हा हिशेबाने पाहता येथे घरे उरावयास हवीत. तशी ती उरलीही आहेत. मात्र त्यांस कुलपे आहेत.

तळेरे हे कणकवली तालुक्यातील गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसले आहे. येथून एक रस्ता वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यास व पुढे कोल्हापुरास जातो. दुसरा विजयदुर्गाच्या बाजूस उतरतो. गावास स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी आम्हांस वैभववाडी किंवा नांदगाव गाठावे लागते. तथापि रस्त्यांचा मेळ असल्यामुळे बाजार चालतो, आणि बाजार चालतो म्हणून बाहेरची माणसे पोटापाण्यासाठी येतात. बँकेतील कारकून, शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका यांस दोन खोल्या, एक मोरी आणि बारमाही पाणी एवढेच हवे असते. परंतु महामार्ग चौपदरी झाल्यापासून रस्त्यालगत जो तो दुकानाचे गाळे काढू पाहतो. राहण्याची खोली बांधण्यात कोणास लाभ दिसत नाही. आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, वाडीवाडीतून, चांगली चिरेबंदी घरे मिटल्या डोळ्यांनी उभी आहेत. जेथे पूर्वी पंधरा माणसांची पंगत बसे, तेथे आता वर्षातून पाच दिवस दिवा लागतो. गणपती बोळविले की चाकरमानी मंडळी परत गाडीत.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. कोल्हापूरकडील एक तरुण शिक्षक इकडे नेमणुकीवर आले. महिनाभर त्यांनी जागेची विचारणा केली. एका घराचे मालक मुंबईस, किल्ली शेजाऱ्याकडे. शेजारी म्हणे, मालकांस विचारा. मालक म्हणत, धाकट्या भावास विचारा. भाऊ म्हणे, आमच्या काकांचाही त्यात वाटा आहे. आणि काका सुरतेस! अखेर ते गृहस्थ गगनबावड्याहून रोज जा-ये करू लागले. पुढे २०२४ साली करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी कित्येक महिने बंद राहिला आणि वाहतूक भुईबावडा व फोंडा या घाटांनी वळविली गेली. पहाटे घर सोडून शाळेची घंटा गाठणारा तो मनुष्य पाहून आम्हांस आमचे दिवस आठवले. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पहिल्या नेमणुकीच्या गावी उतरलो तेव्हा एका जुन्या खोतांनी आपण होऊन पडवी रिकामी करून दिली होती. दोन वर्षे राहिलो. भाडे म्हणून त्यांच्या नातवंडांस रोज तासभर संस्कृत शिकवावे, एवढाच करार. आणि तोही तोंडी.

आता ती पडवी का मिळत नाही? माणसे कृपण झाली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते खरे नव्हे. यात भीतीचा भाग मोठा आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या दराशी बांधून टाकली आणि भाडेकऱ्यास उठविणे कठीण केले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला व १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा जमिनीचा मालक ठरला. कसणाऱ्याच्या दृष्टीने तो न्यायच होता, आणि आमच्या वडिलांनीही त्याविषयी कधी कुरकूर केली नाही. परंतु घराघरांतून एक वाक्य मागे राहिले: ठेवलेला माणूस निघत नाही. शेताविषयीचे ते भय माजघरापर्यंत आले. वस्तुतः १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्यात मुदतीच्या अनुमतीपत्राने दिलेली जागा मुदत सरताच परत मिळविण्याची सोय आहे. करार मात्र लेखी आणि नोंदलेला हवा. ही गोष्ट पाव शतक झाले तरी वाड्यांतून पोहोचलेली नाही. भय तेवढे तीन पिढ्या न विसरता चालत आले.

भाडे हा शब्द संस्कृत भाटक यापासून आला, आणि वास्तु हा शब्द वस् म्हणजे राहणे या धातूपासून. जेथे कोणी वसत नाही तिला वास्तु म्हणणे व्याकरणास मान्य व्हावयाचे नाही. पण व्याकरण बाजूस ठेवू. वाळवीसही ते मान्य नाही. आमच्याच घराचे पाहा. आजोबांनी बांधलेले हे घर दोन वाट्यांचे. पूर्वेकडील वाट्यात आम्ही राहतो. पश्चिमेकडील दोन खोल्या, मागील पडवी व न्हाणी हा आमच्या थोरल्या बंधूंचा वाटा, तो त्यांच्या पश्चात नऊ वर्षे बंद होता. छप्पर एकच. वैशाखात शाकारणी आम्ही दोन्हीकडची एकाच मेळाने करून घेत असू. तरी आमच्या बाजूचे वासे ठणठणीत आणि त्या बाजूचे पोखरलेले! कारण उघड आहे. राहत्या घरात वानरांनी कौल फोडले की पहिल्याच सरीस ठिपका अंगावर पडतो, आणि मनुष्य उठून शिडी लावतो. बंद घरात तोच ठिपका चार महिने पडत राहतो. आषाढ-श्रावणात चूल पेटत नाही, धूर आढ्यास लागत नाही, भिंतीचा ओलावा हटत नाही. गेल्या खेपेस एका खोलीचे वासे-रीप बदलण्यास मजुरीसुद्धा ४१,००० रुपये पडले. शहरात मनुष्य राहण्याबद्दल पैसे मोजतो. आमच्याकडे तो न राहण्याबद्दल मोजतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

आमचा पुतण्या बदलापुरास असतो. तेथे सदनिका घेऊन त्याने वीस वर्षांचे कर्ज काढले आहे. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग हप्त्यात जातो. सकाळच्या लोकलने मुंबई गाठावी, रात्री नऊस परतावे, असा त्याचा क्रम. त्याने पत्र लिहिले, 'काका, आमचा वाटा विकून टाकू. गिऱ्हाईक आले आहे. मला हप्त्यातून सुटका मिळेल, तुम्हांला दुरुस्तीतून.' पत्र अतिशय विनयाचे होते, आणि त्यातील गणित बिनचूक होते. आमच्या मनात आले ते एवढेच की, छप्पर एक, विहीर एक, खळे एक. यांचा अर्धा भाग विकत घेणारा घेणार काय आणि पाडणार काय?

आम्ही उत्तर धाडले की, विक्रीस आमची हरकत नाही, घर तुझ्या वडिलांचे आहे. परंतु तोवर अकरा महिने त्या शिक्षकांस देऊ. भाडे तुझ्या खात्यावर जाईल. महिना ३,००० रुपयांनी बदलापूरचा हप्ता फिटत नाही, हे आम्हांस कळते. या वाट्यात त्याच्या दोन बहिणींचाही हक्क. इंदूरच्या पुतणीने दुसऱ्याच दिवशी संमती दिली. पुण्याच्या पुतणीने मात्र तीन प्रश्न विचारले: ते निघतील ना, देवघरास हात लावणार नाहीत ना, आणि मागील दारचा अनंत तोडणार नाहीत ना. पहिल्याचे उत्तर करारात होते. उरलेल्या दोहोंची हमी सौभाग्यवतींनी घेतली.

बिऱ्हाड आले. पहिले काही दिवस दोन्ही घरांची पाण्याच्या पंपाच्या वेळेवरून थोडी कुरबुर झाली, ती व्हावयाचीच. त्यांच्याकडे भाकरी थापल्याचा आवाज पहाटेच येतो. नऊ वर्षांनी त्या भिंतीपलीकडून काही ऐकू आले. पावसाळ्यात एका रात्री कौल सरकले, तर गुरुजींनी स्वतः चढून ते बसविले आणि सकाळी आम्हांस सांगितले.

चतुर्थीस पुतण्या सहकुटुंब आला. स्वतःच्या वाट्याच्या दारावर थाप मारून आत जावे लागले, याचे त्यास क्षणभर चमत्कारिक वाटले असावे. बिऱ्हाडकरू आपल्या गणपतीस गावी निघण्याच्या तयारीत होते. जाताना किल्ली त्याच्या हाती देऊन गेले. त्याने खोल्या पाहिल्या, वाशांवर बोटे फिरवून पाहिली, आणि रात्री जेवण झाल्यावर शाकारणीचा हिशेब मागितला. आपला भाग काढून त्याने तेथल्या तेथे मोजून दिला. विक्रीची गोष्ट त्याने या खेपेस काढली नाही. पुढील खेपेस काढील. त्याचा हप्ता अद्याप चौदा वर्षे आहे.