वर्षावास

कान्हेरीला जावं ते आषाढात. बोरिवलीच्या जंगलात पावसानं एकदा जोर धरला की कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून ओहोळ धावू लागतात, आणि पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज कोठडीतल्या दगडी ओट्यापर्यंत येतो. याच ओट्यांवर भिक्खू निजत. एरवी त्यांनी एका जागी रमायचं नाही, गावोगाव चालत राहायचं. मुभा फक्त पावसाळ्याची: उगवतं गवत आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने मुक्काम, तोच वर्षावास. विहार उभे राहिले ते या पावसापायी, असं मला वाटतं. सगळं अनित्य म्हणणाऱ्यांसाठी काळ्या कातळात शंभरावर लेणी खोदली जावीत, याची मौजही वाटते. सोपारा-कल्याणच्या दात्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत अजून शाबूत आहेत.

मोठ्या चैत्यगृहात स्तूप आहे. नुसता गोल, घडीव. त्यावर चेहरा नाही. ‘मी’ म्हणून कायम टिकणारं काही नसतं, हा अनात्माचा विचार मला कुठल्याही पोथीपेक्षा इथं लवकर पटतो. पण त्याच चैत्याच्या ओसरीत पुढच्या शतकांनी दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट उंच बुद्ध कोरले. माणसाला चेहरा लागतोच. थेरवादानं वाट दाखवली, चालायचं ज्याचं त्यानं; महायानाला एकट्याची सुटका पुरेना. एक्केचाळीसाव्या लेण्यातला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, अकरा तोंडांचा आहे. दुःख कुठल्याही दिशेनं आलं तरी पाठ फिरवायची सोयच ठेवलेली नाही! मंत्र-मंडलांचं वज्रयान तिबेटात रुजलं, त्याची ओळख मला पुस्तकापुरतीच.

आपल्याकडे मात्र १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरातल्या धम्मदीक्षेतून वेगळीच वाट फुटली. बाबासाहेब आंबेडकरांच्या नवयानात दुःख म्हणजे माणसानं माणसावर लादलेलं दुःखही. आज वर्षावासात वस्तीतल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पांढऱ्या लुगड्यातल्या आज्या मांडी घालून बसतात, बाहेर छत्र्यांचा ढीग. आत्मा नाही तर पुनर्जन्म कुणाचा, असं त्यातली एखादी वाचणाऱ्याला मध्येच अडवून विचारते. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडलाय. चार आर्यसत्यं मूळची की भिक्खूंनी मागून घातलेली, इथवर त्यांनी विचारलं. मग आजीनं का कचरावं?